मंद आच आणि कठीण मांस : स्लो कुकर, गोमांसाचे स्वस्त भाग आणि त्यांची नावे

मराठीत 'कुकर' हा शब्द रूढ झाला तो वाफेच्या दाबावर चालणाऱ्या भांड्यासाठी. 'कुकर लावला', 'तीन शिट्ट्या झाल्या' ह्या प्रयोगांत घाई गृहीतच आहे. थोड्या वेळात व थोड्या इंधनात डाळ-तांदूळ शिजावेत एवढ्यासाठीच ते भांडे घरोघरी आले. त्यामुळे 'स्लो कुकर' हे नाव प्रथम कानी पडते तेव्हा मराठी भाषकास त्यात वदतोव्याघात भासल्यास नवल नाही. भाषांतर करू गेल्यास दुसरीच अडचण उभी राहते. 'मंदाग्नी' हा शब्द आयुर्वेदाने फार पूर्वीच पचनाच्या एका दोषासाठी राखून ठेवला आहे. 'मंदाग्निपात्र' असे नाव योजल्यास ते अपचनावरील काढ्याचे भांडे वाटावयाचे. यास्तव प्रस्तुत लेखात 'स्लो कुकर' हाच शब्द ठेविला आहे. ह्या भांड्यात गोमांसाचे स्वस्त, म्हणजे कठीण, भाग कसे शिजतात, ते तसे का शिजवावे लागतात आणि त्या पाकक्रियेने निरनिराळ्या भाषांत कोणते शब्द मागे ठेविले आहेत, एवढाच येथे विषय आहे.

भांड्याची रचना साधी असते. आत झिलई दिलेले, भाजलेल्या मातीचे जड पात्र. त्याभोवती धातूचे कवच. कवचाच्या आतील बाजूने विजेने तापणारी तार. आणि वर बहुधा काचेचे झाकण. चार ते सहा लिटरांच्या भांड्यास साधारणपणे दोनशे ते तीनशे वॉट वीज पुरते. कपड्यांच्या साध्या इस्त्रीस ह्याच्या तिप्पट-चौपट लागते. बटणावर 'मंद' व 'तीव्र' अशा दोन खुणा असतात. त्यांचा अर्थ पुष्कळांकडून चुकीचा लावला जातो. बहुतेक भांड्यांत दोन्ही खुणांवर अन्न अखेरीस उकळीच्या किंचित खालच्या, सारख्याच तापमानास पोहोचते. फरक असतो तो तेथवर पोहोचण्यास लागणाऱ्या अवधीत. 'तीव्र' म्हणजे अधिक कढत नव्हे, तर अधिक लवकर कढत. झाकणावर जमलेली वाफ थेंबाथेंबाने पुन्हा आत पडते, त्यामुळे दिवसभर भांडे चालू राहिले तरी रसा फारसा आटत नाही. वरण रटरटते तसे येथे काहीच रटरटत नाही. मराठी स्वयंपाकघरात ह्याच्याशी जवळचे नाते कोणाचे असेल तर ते चुलीच्या वैलाचे. मुख्य जाळावरून उतरविलेले भांडे वैलावर सरकवून ठेवावे आणि हाती दुसरे काम घ्यावे, ही रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांस स्लो कुकरचे तत्त्व निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

आता मांसाकडे वळावयाचे. गाईबैलाच्या शरीरातील प्रत्येक स्नायू सारखाच राबत नाही. ह्या पशूंस जत्रू, म्हणजे गळ्याजवळचे आडवे हाड, नसते. पुढचे पाय धडाशी जोडलेले असतात ते केवळ स्नायूंनी व कंडरांनी, आणि शरीराचे निम्म्याहून अधिक वजन पुढच्या पायांवरच असते. साहजिकच खांदा, मान आणि छाती येथील स्नायू उभे राहतानाही राबतात आणि चालतानाही राबतात. पोटऱ्यांची गोष्ट तीच. गालाचे स्नायू तर रवंथाच्या निमित्ताने दिवसाचे कित्येक तास हलत असतात. उलट पाठीच्या कण्याखाली, आतल्या बाजूस, एक लांबट स्नायू असतो. त्याच्या वाट्यास श्रम फार थोडे येतात. तोच सर्वांत मऊ आणि सर्वांत महाग. एका जनावरात तो निघतो थोडा आणि त्यास गिऱ्हाईक फार, एवढे कारण त्याच्या किमतीस पुरेसे आहे.

राबणाऱ्या स्नायूस बळकट वेष्टन लागते. स्नायूचे तंतू जुडी-जुडीने बांधलेले असतात व प्रत्येक जुडीभोवती संयोजी ऊतकाचे आवरण असते. ह्या आवरणाचे मुख्य द्रव्य कोलॅजन होय. तीन साखळ्या दोरासारख्या एकमेकींभोवती पिळून त्याचा कण बनलेला असतो. पशूचे वय वाढते तसे ह्या दोरांतील आडवे बंध दृढ होत जातात. म्हणून म्हाताऱ्या बैलाचे मांस कालवडीच्या मांसापेक्षा चिवट असते. सारांश, खाटकाच्या फळीवर ज्यास 'स्वस्त' म्हणतात ते मांस वस्तुतः त्या पशूच्या अंगमेहनतीचा साठा असते.

इंग्रजी भाषेने ह्या भागांस दिलेली नावे ह्या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. जिवंत पशूस सॅक्सन नाव व ताटातील मांसास नॉर्मन नाव, 'ऑक्स' गोठ्यात आणि 'बीफ' पंक्तीत, हे निरीक्षण वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' (१८१९) ह्या कादंबरीमुळे सर्वतोमुखी झाले. ते जितके सुबक आहे तितके काटेकोर नाही. मध्ययुगीन इंग्रजीत 'बीफ' हा शब्द जिवंत बैलासाठीही वापरला जात असे. तथापि हीच विभागणी खुद्द मांसाच्या भागांत उतरलेली दिसते, ह्याकडे तितकेसे लक्ष जात नाही. 'फिलेट', 'लॉइन', 'सरलॉइन' ही महाग भागांची नावे फ्रेंचमधून आली. 'शँक', 'शिन', 'चीक', 'नेक', 'टंग', 'ऑक्सटेल' ही नावे मात्र जुन्या इंग्रजीतील साधी अवयववाचक नावे आहेत : नडगी, गाल, मान, जीभ, शेपूट. 'ब्रिस्केट' म्हणजे छातीचा भाग. हा शब्द स्कँडिनेव्हियन भाषांतील कूर्चावाचक शब्दाशी संबद्ध असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. कूर्चा म्हणजे कुरकुरीत हाड. कठीणपणा नावातच आला. खांद्याच्या भागास 'चक' म्हणतात. मूळ अर्थ ओबडधोबड ठोकळा असा दिसतो. अपवाद आहेत, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. 'फ्लँक' हा कठीण भाग असूनही त्याचे नाव फ्रेंच आहे, तर 'रिब' हा महाग भाग असूनही त्याचे नाव अस्सल इंग्रजी. नियम म्हणून हे टिकावयाचे नाही, कल म्हणून टिकते. 'सरलॉइन'विषयी एक दंतकथा आहे : कोणा राजाने खूष होऊन ह्या मांसखंडास 'सर' ही पदवी दिली म्हणे. वास्तविक तो फ्रेंच 'सुर', म्हणजे वरचा, हा उपसर्ग आहे. लोकव्युत्पत्ती पदव्या वाटते ती बहुधा महाग वस्तूंसच. नडगीच्या मांसास सरदारकी दिल्याची कथा ऐकिवात नाही.

मुंबईच्या मटणाच्या दुकानात असाच प्रकार निराळ्या कारणाने घडलेला आढळतो. बोकड जिवंत असतो तोवर त्यास मान, छाती व मांडी असते. फळीवर आल्यावर त्याची 'गर्दन', 'सीना' व 'रान' होते. हे सर्व शब्द फारसीतून उर्दूच्या वाटेने आले. येथे जेत्याचा व जिताचा प्रश्न नसून व्यवसायाच्या बोलीचा प्रश्न आहे. नळीस मात्र नळीच म्हणतात.

शिजण्याच्या क्रियेत प्रत्यक्ष काय घडते ते पाहू लागल्यास वेळेचे महत्त्व ध्यानात येते. मांस तापू लागले की पन्नास अंशांच्या सुमारास (सर्व अंश सेल्सिअस) तंतूंतील एक प्रमुख प्रथिन गोठू लागते. साठ ते पासष्ट अंशांच्या दरम्यान कोलॅजनची आवरणे आकसतात आणि पिळलेल्या फडक्याप्रमाणे आतील रस बाहेर टाकतात. ह्या टप्प्यावर कठीण मांस कच्च्याहूनही कठीण होते. अननुभवी स्वयंपाक्याची फसगत होते ती येथेच. दोन तासांनी तो झाकण उघडतो, मांस रबरासारखे लागते, आणि 'फार शिजले' असा निष्कर्ष काढून तो आच बंद करतो. वस्तुतः ते फार शिजलेले नसते, पुरेसे शिजलेले नसते. सत्तर अंशांच्या पुढे कोलॅजनचा पीळ उकलू लागतो व त्याचे जिलेटिन होऊ लागते. पण ही क्रिया तासांच्या हिशेबाने चालते, मिनिटांच्या नव्हे. तापमान जितके अधिक तितकी ती लवकर होते. प्रेशर कुकरात पाणी शंभराऐवजी सुमारे एकशेवीस अंशांवर उकळते, म्हणून आठ तासांचे काम तेथे तासाभरात उरकते. स्लो कुकर हे काम लवकर करीत नाही. त्याचा गुण असा की तो ते कोणी जवळ नसताना करतो.

तंतू स्वतः ह्या अवधीत कोरडेच होत असतात, ही गोष्ट विसरता कामा नये. आठ तास शिजलेले मांस रसरशीत लागते ते त्यात पाणी राहिल्यामुळे नव्हे. कोरड्या तंतूंमध्ये जिलेटिन व चरबी पसरल्यामुळे तसा प्रत्यय येतो. ह्यावरून एक व्यावहारिक भेद निष्पन्न होतो. स्वस्त मांस दोन प्रकारचे असते. एक कोलॅजनामुळे स्वस्त : खांदा, छाती, पोटरी, गाल, शेपूट. दुसरे, मागच्या मांडीचे, चरबी व कोलॅजन दोन्ही बेताचेच असलेले. ह्या दुसऱ्यास स्लो कुकरात दिवसभर ठेविले तर त्यातून जिलेटिन फारसे निघत नाही आणि तंतू मात्र सुकून दोऱ्यासारखे होतात. 'कोणतेही स्वस्त मांस ह्या भांड्यात टाकावे' असा जो उपदेश सर्रास केला जातो, तो अर्धाच खरा आहे.

हे भांडे निर्माण झाले अमेरिकेत. पण ज्या पदार्थाने ते सुचविले तो पूर्व युरोपातील ज्यूंच्या घरातला. ज्यूंच्या धर्मनियमाप्रमाणे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत अग्नी पेटविणे व अन्न शिजविणे निषिद्ध आहे. तथापि आधी पेटविलेल्या अग्नीवर आधी ठेविलेले अन्न, काही अटी पाळून, तसेच राहू देता येते. ह्या दोन वाक्यांमधील फटीत एक संपूर्ण पाकपद्धती उगवली. मांस, घेवड्याच्या जातीच्या बिया, जव व बटाटे एका मडक्यात घालून शुक्रवारी दुपारी ते गावच्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवीत, आणि शनिवारी दुपारी प्रार्थनेनंतर घरी आणीत. ह्या पदार्थास यिडिश भाषेत 'चोलेंट' म्हणतात. त्याची व्युत्पत्ती 'शो' म्हणजे उष्ण आणि 'लां' म्हणजे मंद, अशा दोन फ्रेंच शब्दांच्या जोडीने सांगण्याची प्रथा आहे. ती कानास गोड लागते एवढेच. यिडिशचे इतिहासकार माक्स वाइनराइख यांनी ह्या शब्दाचा संबंध 'उष्ण असणे' ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून झालेल्या जुन्या फ्रेंच रूपाशी लावला, आणि ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने तो अधिक ग्राह्य आहे. त्याच पदार्थास इतर ज्यू समाजांत 'हमीन' म्हणतात. त्यातही हिब्रू 'हम', म्हणजे ऊन, हाच अर्थ आहे. दोन्ही नावांत मांसाचा उल्लेख नाही, धान्याचा नाही. आहे तो केवळ पदार्थ दुसऱ्या दिवशी ऊन राहिल्याचा.

ह्या मडक्यात कठीण मांसच का पडे ह्यालाही गरिबीखेरीज एक निराळे कारण होते. पशूच्या मागच्या भागातील एक शिर ज्यू धर्मनियमाने वर्ज्य आहे. ती व तिच्याभोवतीचा भाग सोडविणे इतके किचकट की युरोप-अमेरिकेतील पुष्कळ ज्यू समाजांत मागचा अर्धा भागच अन्यधर्मीयांस विकून टाकीत. हाती उरे तो पुढचा अर्धा : मान, खांदा, छाती, पोटरी. धर्माने महाग भाग दूर ठेविले आणि धर्मानेच चोवीस तासांची मंद आच दिली, असा हा योग आहे. शनिवारचा निषेध कोकणातही अपरिचित नव्हता. तेलाचा व्यवसाय करणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत; मराठी ही त्यांची मातृभाषा होय.

शिकागोचे अभियंते आयर्व्हिंग नॅक्सन (मूळ आडनाव नाखुमसोन) यांनी आपल्या आईकडून तिच्या लहानपणच्या व्हिल्ना शहरातील ह्या मडक्याची हकीकत ऐकली होती. मडक्याच्या सर्व बाजूंनी सारखी उष्णता पोहोचविणारे विजेचे पात्र त्यांनी तयार केले व १९४० साली त्यांस त्याचे पेटंट मिळाले. पुढे ते 'नॅक्सन बीनरी' ह्या नावाने विकले जाई. नावावरून ते बियाच शिजविण्यासाठी असावे असे वाटे आणि खपही तेवढाच होई. १९७० साली रायव्हल ह्या कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ साली तेच पात्र 'क्रॉक-पॉट' ह्या नव्या नावाने बाजारात आणले. 'क्रॉक' म्हणजे मातीचे भांडे आणि 'पॉट' म्हणजेही भांडेच. मराठीतील 'गाडगेमडके' ह्या समासाच्या घडणीचे हे नाव. ते इतके रुळले की अमेरिकेत कोणत्याही कंपनीच्या अशा भांड्यास सर्रास तेच म्हणतात.

वेळही अनुकूल ठरली. घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या तेथे वाढत होती. १९७३ च्या मार्चअखेर मांसाच्या वाढत्या भावांवर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कमाल मर्यादा घातली, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गृहिणींनी मांसावर देशव्यापी बहिष्कार टाकला. महाग भाग परवडत नव्हते. स्वस्त भाग परवडत, पण ते शिजविण्यास घरी कोणी नव्हते. सकाळी आठला भरून ठेविलेले भांडे संध्याकाळी पाचला जेवण देते, ही गोष्ट ह्या दोन्ही अडचणींस एकाच वेळी लागू पडली. १९७५ साली मेबल हॉफमन यांचे 'क्रॉकरी कुकरी' हे ह्या भांड्यासाठीच्या पाककृतींचे पुस्तक निघाले व त्याचा प्रचंड खप झाला.

पद्धत सांगावयाची तर खांद्याच्या मांसाचा सुमारे दीड किलोचा तुकडा उदाहरणादाखल घ्यावा. त्यास मीठ चोळून, फडक्याने कोरडा करून, प्रथम लोखंडी तव्यावर सर्व बाजूंनी तांबूस भाजून घ्यावा. हे काम स्लो कुकर करू शकत नाही. भाजल्या मांसाचा खमंगपणा एकशेचाळीस अंशांच्या पुढेच नीट येतो, आणि ज्या भांड्यात पाणी आहे त्यातील मांस शंभरापलीकडे जात नाही. त्याच तव्यात कांदा परतावा व थोडे पाणी घालून तव्यास लागलेली खरवड सोडवून घ्यावी. तीत चवीचा पुष्कळसा अंश असतो. भांड्याच्या तळाशी गाजर व बटाटे, वर मांस. मांसाआधी भाजी शिजेल असे वाटते. पण ह्या भांड्यात कंद मांसाहून सावकाश मऊ होतात, म्हणून त्यांस उष्णतेजवळ ठेवावयाचे. पाणी पेलाभर पुरे, कारण मांस स्वतःच पुष्कळ रस सोडते. नवशिका येथे पातेलेभर पाणी ओततो आणि संध्याकाळी बेचव कढण पदरी घेतो. भांडे निम्म्याहून अधिक व दोन-तृतीयांशापर्यंत भरलेले असावे. 'मंद' खुणेवर आठ ते नऊ तास, अथवा 'तीव्र' खुणेवर पाच-सहा तास.

मधून मधून झाकण उघडून पाहण्याची सवय येथे नडते. प्रत्येक वेळी साठलेली वाफ निघून जाते, आणि इतक्या थोड्या विजेवर ती उष्णता भरून येण्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात. मांस झाले किंवा कसे हे घड्याळावर ठरवू नये. काटा खुपसून फिरविला असता तंतू विनासायास सुटले तर झाले. न सुटल्यास आणखी तासभर. उरलेला रसा थंड जागी रात्रभर ठेविला तर वरची चरबी घट्ट होऊन सहज काढता येते आणि खाली रशाची थरथरणारी वडी मिळते. दुसऱ्या दिवशी तो रसा उघड्या पातेल्यात आटवावा. दुसऱ्या दिवशीचे हे मांस पहिल्या दिवशीपेक्षा सरस असते, ह्याविषयी जाणत्यांत दुमत नाही.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी मात्र टाळण्याजोग्या नाहीत. पाच ते साठ अंशांच्या दरम्यान जंतूंची वाढ झपाट्याने होते, आणि स्लो कुकर हा टप्पा सावकाश ओलांडतो. म्हणून गोठलेले मांस त्यात कधीही टाकू नये. ते आधी थंड कपाटात पूर्ण वितळवून घ्यावे. दुसरी गोष्ट राजम्याची. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. ते खळखळत्या उकळीने नष्ट होते. त्याहून कमी तापमानात टिकून राहते. तेव्हा राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्यावाचून ह्या भांड्यात घालू नये. ज्या पदार्थापासून हे यंत्र सुचले त्यातच बिया असतात, म्हणून हा इशारा विशेष. पाववाल्याची तापलेली भट्टी आणि दोनशे वॉटांची तार ह्यांत एवढा फरक राहतोच.

रात्रभराच्या मंद आचेचा भारतातील प्रसिद्ध पदार्थ म्हणजे निहारी. पोटरीचे मांस व नळ्या रात्री देगीत चढवावयाच्या आणि पहाटे, दिवसाच्या कामाआधी, रोटीबरोबर खावयाच्या. मुंबईच्या मोहल्ल्यांत ती आजही मिळते. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर गाईप्रमाणेच बैल व वळू ह्यांच्याही कत्तलीस ह्या राज्यात बंदी आहे. म्हैस त्या बंदीत येत नाही, आणि तेव्हापासून येथील देगीत पडते ते म्हशीचे मांस. ते अधिक गडद असते व त्यात चरबी कमी असते, पण त्याच्या कोलॅजनास वर सांगितलेला नियमच लागू पडतो. 'निहारी' हे नाव मराठी वाचकास परके वाटण्याचे कारण नाही. 'न्याहारी' हा आपला नित्याचा शब्द त्याचेच दुसरे रूप होय. मुळाविषयी दोन मते आहेत. एक मत अरबी 'नहार', म्हणजे दिवस, ह्या शब्दाकडे बोट दाखविते. दुसरे फारसी 'नाहार', म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, ह्याकडे. उर्दूतील 'निहार मुँह', म्हणजे अनशा पोटी, हा प्रयोग दुसऱ्या मतास बळ देतो. कोणतेही मत घेतले तरी येथेही पदार्थास नाव मिळाले ते वेळेवरून, जिनसेवरून नव्हे. आणि मराठीत तर जिन्नस पार गळून जाऊन केवळ वेळ उरली.

मराठीत गोमांस रांधणारी घरे नव्हती असे नाही. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या अन्नाविषयी शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे पुस्तक लिहिले. २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. मांसाचे लांब पट्टे कापून उन्हात वाळवून ठेवीत, त्यांस 'चान्या' म्हणत. मोठे जनावर एका दिवसात संपत नाही आणि थंड कपाट नाही, तेव्हा ऊन हेच साठवणीचे साधन. 'वजडी', 'रक्ती' हे शब्दही ह्याच स्वयंपाकघरांत नांदत होते. ह्या शब्दसंपदेची नोंद विरळ राहण्यास दोन कारणे घडली, आणि ती परस्परविरुद्ध टोकांची आहेत. कोशकार व त्यांचे माहितगार बहुधा ज्या घरांतून आले त्या घरांत हे शब्द उच्चारले जात नव्हते, हे एक. दुसरे असे की, मेलेले जनावर ओढणे व त्याचे मांस खाणे हे गावगाड्याने लादलेले होते. १९२७ साली महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ते मांस सोडण्याचे आवाहन केले आणि लोकांनी ते स्वाभिमानाने सोडले. पदार्थ गेला तेव्हा त्याचे शब्द पुढच्या पिढीस सांगावेत असे सांगणाऱ्यास वाटले नाही, ह्यात दोष तो कोणाचा? कोशकाराने वगळलेला शब्द आणि भाषकाने जाणूनबुजून टाकलेला शब्द, दोन्ही कोशाच्या पानावर सारखेच अनुपस्थित दिसतात. त्यांचा निवाडा मात्र निरनिराळा करावा लागतो. त्यातही जनावराच्या कोणत्या भागास काय म्हणत आणि तो किती वेळ चुलीवर राही, हा तपशील मिळवावयाचा झाल्यास छापील पुस्तकांपेक्षा वृद्ध स्त्रियांच्या बोलण्याचाच आधार घ्यावा लागेल, आणि तो घेण्यास काळ फार उरलेला नाही.

शिजण्याच्या पायऱ्या सांगणारे शब्द तेवढे सर्वांच्या मराठीत शाबूत आहेत, कारण ते डाळीस, भाजीस व मटणास सारखेच लागू पडतात. दातास लागते तोवर 'कचवट', मग 'शिजले', त्यापुढे 'गळाले', आणि नळीच्या बाबतीत 'हाड सुटले'. खांद्याचे दीड किलो मांस सकाळी आठला 'मंद' खुणेवर ठेविले तर दुपारी बारापर्यंत ते कचवटच असते. ते गळू लागते तीनच्या पुढे, आणि हाडासह घेतलेला तुकडा असल्यास पाचच्या सुमारास हाड सुटते.